बघणारा वेगळा, ओढणारा वेगळा

आमच्या ह्यांना सगळं दोन-दोन लागायचं. चष्मे दोन, छत्र्या दोन, दाराला कुलपं दोन. लग्नाचंसुद्धा मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी हो म्हटलं होतं, चांगलं स्पष्ट म्हटलं होतं, तरी परत बसथांब्यावर येऊन उभे. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात, ते नक्की ना?" मी म्हटलं, "आता तिसऱ्यांदा विचारलंत तर नाही म्हणेन." तेव्हा कुठे हसले. बस आली आणि गेली, हे आपले तिथेच उभे.

मी विचारायची, अहो, हे दोन-दोनचं खूळ आलं कुठून? तर म्हणायचे, "एकाचं काय खरं?" बस. ऑफिसात त्यांना जोडकाका म्हणायचे सगळे, पाठीमागेही आणि तोंडावरही. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मलाच राग यायचा. आता वाटतं, नुसतं जोडकाका म्हणत होते तेच किती बरं होतं.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला. अँब्युलन्स बोलवायचा जो नंबर असतो ना, तो फिरवला की पलीकडून जिचा आवाज येतो, ती मी. म्हणजे आम्ही बऱ्याच जणी आहोत, त्यातली एक मी. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर नकाशा, आणि आमच्या पाठीमागे काचेच्या दाराआड थंड खोली. त्या खोलीत हे. तिथल्या लोखंडी कपाटात एक पेटी आहे, तिला गेटवे म्हणतात. शहरभरातून येणारा प्रत्येक फोन आधी त्या पेटीत शिरतो आणि तिथून आमच्या कानात पोचतो. पेटी बंद पडली की आम्ही सगळ्या बहिऱ्या. बाहेरचा माणूस ओरडतोय तर ओरडतोय.

म्हणून त्या पेटीतही सगळं दोन-दोन. हे तिच्यावर भाळले यात नवल ते काय! मी तर तिला माझी सवतच म्हणायची. वीज घेणारे भाग दोन, आणि त्यांच्या वायरी दोन वेगळ्या बोर्डांवर, म्हणजे एक बोर्ड गेला तरी दुसरा आहे. एकदा सफाईच्या मावशींनी, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून, दोन्ही पिना एकाच बोर्डात खोचल्या. बिचाऱ्यांनी वायरींची छान वेणीसुद्धा घातली होती. ह्यांनी ते बघितलं आणि दुपारचा डबा उघडला नाही. मावशींना ओरडले नाहीत, ओरडणं ह्यांच्या स्वभावातच नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समजावत बसले. दोन वायरी का, दोन बोर्ड का, एकच बोर्ड केला तर दोन वायरींचा काय उपयोग. मावशी माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाल्या, "बाई, मी जन्मात परत हात लावणार नाही, पण तुमच्या नवऱ्याला सांगा, एवढं समजावू नका."

बाहेरून येणाऱ्या केबलीही दोन, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या. कागदावर तसं होतं म्हणून ह्यांचं समाधान होईना. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन दोन्ही रस्ते पायी फिरले, प्रत्येक झाकणापाशी थांबत. बाकीच्या बायका नवऱ्याबरोबर बागेत जातात, आणि मी गटाराची झाकणं बघत हिंडले. पण खरं सांगू? मला मजा आली होती. हा माणूस ज्याची काळजी घेतो त्याची अशी घेतो, हे त्या दिवशी मला कळलं.

पण त्या पेटीचा खरा जीव म्हणजे दोन कार्डं. वहीएवढं एकेक कार्ड, कडेला दिवा. एक कार्ड सगळं काम करतं. दुसरं त्याच्या शेजारी जागं बसून नुसतं बघतं. पहिलं पडलं की दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलायचं, बोलणाऱ्याला कळताही कामा नये. हे म्हणायचे, "काम करणाऱ्या कार्डाची काळजी नाही. ते बिघडलं की कळतं. रिकामं बसलेलं बिघडलं तर कळतच नाही. त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो."

त्यासाठी दर महिन्याला एक चाचणी असायची. आम्ही तिला 'ओढणं' म्हणायचो. सकाळी फोन कमी असतात त्या वेळी. मी माझ्या जागेवरून ह्यांना थंड खोलीत फोन लावायचा आणि बोलत राहायचं. काय वाटेल ते बोला, पण थांबायचं नाही. मी बोलत असताना हे चालू कार्ड सरळ ओढून बाहेर काढायचे. माझं बोलणं न तुटता चालू राहिलं, म्हणजे दुसऱ्या कार्डाने काम उचललं. पूर्वी या कामाला आमच्यातली कुणीही बसायची. पुढे ते माझ्याचकडे आलं, कारण ह्यांच्या मते न थांबता बोलणारं माणूस केंद्रात एकच होतं. मी फोनवर ह्यांच्याच तक्रारी सांगायची. मोजे कुठे टाकता, नळ गळतोय तो कधी बघणार. शेजारच्या जणी तोंडाला पदर लावून हसायच्या. कार्ड बाहेर येताना मला कधी काही कळलं नाही. एकदाही नाही.

आणि या ओढण्याचा ह्यांनी एक नियम केला होता. साहेबांकडून मंजूरही करून घेतला होता. बघणारा वेगळा, ओढणारा वेगळा. दुसरं कार्ड ठीक आहे की नाही हे जो ओढणार त्याने बघायचं नाही. ज्याला ओढायचं असतं त्याला सगळं ठीकच असावं असं वाटत असतं, त्याचा डोळा त्यालाच फसवतो. म्हणून दुसऱ्या माणसाने कार्ड तपासायचं, दिवा बघायचा, आणि मोठ्याने 'ठीक' म्हणायचं. त्याने ठीक म्हटलं की ओढणाऱ्याने वाकूनसुद्धा बघायचं नाही. सरळ ओढायचं.

तो बघणारा म्हणजे माझा भाऊ.

सख्खा भाऊ. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, म्हणून आम्ही त्याला धाकटाच म्हणतो. आईवडील गेले तेव्हा तो शाळा संपवून नुसता उंडारत होता. एक पिशवी घेऊन माझ्या दारात आला. मीच ह्यांच्या मागे लागले, अहो, घ्या ना त्याला हाताखाली. हे म्हणाले, "हाताखाली कशाला? हाताशी घेतो." आणि घेतलं. आम्हाला मूलबाळ नाही. या माणसाने माझ्या भावाला जे शिकवलं ते बाप लेकाला शिकवत नाही. कार्डाला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. कार्ड कडेनेच धरायचं. डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकायचा आणि दोनातला कुठला थकलाय ते सांगायचं. संध्याकाळी घरी येऊनही यांचं तेच. मी कांदा चिरतेय आणि हे दोघं जेवणाच्या टेबलावर जुनं कार्ड उघडून बसलेत. धाकटा भावोजी-भावोजी करत मागे, आणि हे असे खूश की विचारू नका.

पुढे धाकट्याला तिथेच नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. वेगळं बिऱ्हाड केलं, पण चहाला आमच्याकडेच. सुट्या सामानाच्या कपाटाला चाव्या दोन, अर्थातच. एक ह्यांच्याकडे आणि दुसरी धाकट्याकडे. एक माणूस आजारी पडला तर दुसरा असावा. चावी देताना हे मला म्हणाले होते, "याच्यावर मला परत बघावं लागत नाही." ह्यांच्या तोंडून असं कधी कुणाबद्दल निघालं नव्हतं. माझ्याबद्दलही नाही! मी गॅस बंद केला म्हटलं तरी उठून बघून यायचे. मला तेव्हा हेवा वाटला नाही. अभिमान वाटला, माझा भाऊ म्हणून.

त्या कपाटात एक मेलेलं कार्ड होतं. मेलेलं म्हणजे पूर्ण मेलेलं असतं तर बरं. ते लबाड होतं. पेटीत बसवलं की दिवा हिरवा लागायचा, मी तयार आहे असं सांगायचं, आणि काम अंगावर आलं की दातखीळ बसायची. ह्यांनी ते काढून टाकलं आणि त्याच्या पाठीवर माझ्या लाल नेलपॉलिशने मोठी फुली मारली. नवीकोरी बाटली होती, मी त्यावरून भांडलेसुद्धा. दुरुस्तीला पाठवायचं म्हणून ते कपाटात ठेवलं होतं. पेटीत बसवल्यावर पाठ आत जाते, फुली दिसत नाही. बाहेर दिसतो तो फक्त दिवा.

त्या महिन्याच्या ओढण्याला वरचे साहेबही आले होते. शहराच्या पलीकडच्या टोकाला आमचं नवं केंद्र सुरू झालं होतं, नुकतंच थाटामाटात उद्घाटन झालं होतं, आणि साहेब खुशीत होते. इथलं कामही बघू म्हणाले. मी नेहमीसारखा फोन लावला. म्हटलं, "अहो, इस्त्रीवाल्याकडून तुमचे शर्ट आणायचेत, एकाच्या कॉलरला डाग तसाच आहे, मी त्याला चांगलं सुनावणार आहे." फोनमध्येच मला ह्यांचा आवाज आला, "दुसरं?" आणि धाकट्याचा आवाज आला, "ठीक." नेहमी एवढ्यावर भागायचं. त्या दिवशी ह्यांनी का कुणास ठाऊक परत विचारलं, "ठीक ना?" धाकटा म्हणाला, "ठीक आहे भावोजी, ओढा."

मी कॉलरचं सांगतच होते. मग मला जाणवलं की मी कुणाशीच बोलत नाहीये.

कानात काही नाही. खरखरसुद्धा नाही. माझ्या शेजारणीला तेव्हा एक फोन आलेला होता. एका माणसाची बायको घरात कोसळली होती, श्वास नव्हता, आणि ही त्याला छाती कशी दाबायची ते सांगत होती. "दाबत राहा, थांबू नका, मी मोजते तुमच्याबरोबर." आणि मग ती "हॅलो? हॅलो?" करायला लागली. पत्ता अर्धाच घेतला होता. मग सगळ्याच जणी हॅलो हॅलो करायला लागल्या. खोलीभर नुसतं हॅलो. मी काचेतून मागे बघितलं तर हे हातात कार्ड धरून उभे होते आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ह्यांनी कार्ड लगेच परत बसवलं. पण ती पेटी अशी नाही की लावली आणि उठली. ती उठते तिच्या वेळेने. आमचे फोन परत लागले तोवर त्या माणसाने बायकोला शेजाऱ्याच्या गाडीत घातलं होतं. ती बाई वाचली नाही. फोन चालू असता तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण आमच्यापुरतं ते कुणी विचारायला थांबलं नाही.

हे आत दुसरं कार्ड काढून बघत होते. उलटं केलं तर पाठीवर लाल फुली. मी दारात पोचले तेव्हा हे नुसतं म्हणत होते, "हे इथे कसं? हे इथे कसं आलं?" साहेब केव्हाच बाहेर पडले होते. धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

त्याच दिवशी संध्याकाळी, हे अजून ऑफिसातच जबाब देत बसलेले असताना, धाकटा माझ्या स्वयंपाकघरात आला. खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "ताई, मीच बदललं." मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. नव्या केंद्राला उद्घाटनाच्या वेळी एक कार्ड कमी पडत होतं. साहेब त्याला म्हणाले, बघ काहीतरी जमव. नव्या केंद्राचा प्रमुख कोण होणार हे तेव्हा ठरायचं होतं. याने आमच्या पेटीतलं रिकामं बसलेलं चांगलं कार्ड काढून दिलं आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून फुलीवालं आत सारलं. नवीन कार्ड येणारच होतं, ते आलं की बदलून टाकू. ते आलं नाही. ओढायचा दिवस आला.

"मग 'ठीक' का म्हणालास?" मी विचारलं. माझ्या हातात पोळपाट होता, तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही एवढंच.

"साहेब समोर उभे होते गं. दिवा हिरवा होता. वाटलं, आज चालेल कदाचित."

वाटलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता ह्यांना सांग. तर पाय धरले माझे. "भावोजींना मी या तोंडाने घरात नाही सांगू शकत. चौकशीत सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे त्यांच्यावरचं बालंट सगळ्यांसमोर जाईल. तोवर तू काही बोलू नकोस. तुझ्या गळ्याशप्पथ, ताई." त्याचं म्हणणं मला पटलं. उद्या मी बोलले तर लोक म्हणणार, बायको आहे, नवऱ्याची बाजू घेणारच. त्याच्या तोंडून गेलं तरच खरं. मी गप्प राहिले. ह्यांच्या समोर बसून चहा पीत होते आणि गप्प राहत होते, हे मला काय जड गेलं ते माझं मला माहीत. हे खिडकीशी बसून राहायचे. एकदाच म्हणाले, "माझ्या हाताने ओढलं मी ते."

चौकशी कॅन्टीनच्या शेजारच्या खोलीत झाली. चाचणीचा फोन माझा होता, म्हणून मलाही बसवलं होतं. मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, शांत, नीट बोलणाऱ्या. टेबलावर ते खराब कार्ड ठेवलेलं, फुली वर करून. बाई म्हणाल्या, "हे खराब कार्ड कुलपात होतं. कपाटाच्या चाव्या दोन. म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाने ते बाहेर काढलं. एवढाच प्रश्न आहे, बाकी सगळं मला समजलं आहे."

हे म्हणाले, "मी काढलं नाही."

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. मीही बघितलं. बोल रे बाळा, आता बोल, मनात म्हणत होते. एकदा बोललास की मोकळा होशील.

धाकटा टेबलाकडे बघत म्हणाला, "माझी चावी मी भावोजींकडेच देऊन ठेवली होती. मुलगी लहान आहे, घरात हरवते. दोन्ही चाव्या त्यांच्याकडेच असायच्या."

अगदी साधेपणाने म्हणाला. आवाजसुद्धा कापला नाही. आदल्या रात्री आरशासमोर घोकून आला असला पाहिजे.

मी उठून उभी राहिले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "खोटं आहे हे! साफ खोटं! चावी याच्याकडे होती, याच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. मी डोळ्यांनी बघितलीय. आणि यानेच कार्ड बदललं. माझ्या स्वयंपाकघरात बसून याने मला सांगितलंय, रडून सांगितलंय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही ह्यांच्या पत्नी ना?"

"हो. आणि त्याची बहीण. सख्खी बहीण! मी स्वतःच्या भावाविरुद्ध बोलतेय, यावरून तरी ओळखा!"

मला वाटलं, आता झालं. दोघांचीही मी. माझ्याइतका धड साक्षीदार कुठला मिळणार यांना?

तेव्हा माझा भाऊ पहिल्यांदा माझ्याकडे वळला. किती मऊ आवाजात बोलावं माणसाने! मी रागावले की मला असंच समजवायचा तो. "ताई," म्हणाला, "मला कळतंय गं तुला काय होतंय ते. पण घरातलं भांडण इथे नको आणूस."

कसलं भांडण? आमच्या घरात भांडण होतं कुठे? पण ते एक वाक्य त्याने टाकलं आणि मी त्या खोलीत साक्षीदार उरले नाही. एक आकांत करणारी बाई उरले. बाईंनी माझ्याकडे बघितलं ते कीव येऊनच. म्हणाल्या, "नवरा-बायकोचं म्हणणं मी एकच धरते. बसा तुम्ही." केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

हे सगळा वेळ धाकट्याकडे बघत होते. रागाने नाही. पंख्याचा आवाज ऐकताना बघायचे तसे, कान देऊन.

निकाल यायला फार वेळ लागला नाही. खराब कार्ड ह्यांनीच बसवलं, तपासणीही नीट होऊ दिली नाही, आणि चालू यंत्रातून कार्ड ओढलं. बघणारा वेगळा, ओढणारा वेगळा हा नियमही त्यात ह्यांच्याच विरुद्ध लावला. ओढणाऱ्याने बघितलं असतं तर टळलं असतं म्हणे. धाकट्याने दिवा हिरवा बघून ठीक म्हटलं, त्याचा दोष नाही; आणि आमचं चांगलं कार्ड गेलं कुठे, हे साहेबांच्या सोयीचं नव्हतं म्हणून कुणी विचारलं नाही. ह्यांना घरी बसवलं. धाकटा नव्या केंद्राला गेला, प्रमुख म्हणून. मला आमच्या केंद्रातल्या जणी डब्यातलं वाढतात, पाठीवर हात ठेवतात, पण ह्यांचं नाव निघालं की नकाशाकडे बघायला लागतात. त्यांचं तरी काय चुकलं? माझी शेजारीण अजून झोपेत मोजते, तिच्या नवऱ्याने सांगितलं. ज्याच्या हाताने तो फोन तुटला तो माणूस त्यांच्या लेखी जोडकाका राहिला नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. दार उघडंच होतं. आमच्या घराचं दार उघडं असणं म्हणजे काय हे मलाच माहीत. आत गेले तर बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सगळे खण ओढून जमिनीवर ठेवलेले. माझ्या साड्या, ह्यांचे कोट, औषधांचा डबा, दिव्याची बिलं, सगळं बाहेर. हे मध्ये बसून एका जुन्या कोटाचे खिसे उलटे करत होते. मला वाटलं चोरी झाली.

"अहो, काय शोधताय?"

"चावी," हे म्हणाले. "त्याची."

मी साड्या बाजूला सारून ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अहो, ती इथे कशी असेल? त्याने ती कधी दिलीच नाही तुम्हाला."

"दिली असेल. मी कुठेतरी ठेवली असेल आणि विसरलो असेन. वय झालं माझं." कोट खाली ठेवून दुसरा उचलला. "कार्डही मीच बसवलं असेल मग. नाहीतर ते तिथे कसं येईल?"

"त्यानेच बसवलं! मी सांगितलं ना सगळ्यांसमोर! माझ्याकडे कबूल झाला तो, त्या तिथे, त्या खुर्चीवर बसून! तुम्ही ऐकलंत ना तेव्हा?"

ह्यांनी मान वर केली. किती प्रेमाने माझ्याकडे बघितलं!

"ऐकलं ना. तू माझ्यासाठी बोललीस. सख्ख्या भावावर आळ घेतलास माझ्यासाठी, हे का मला कळत नाही? पण नको होतंस बोलायला. एक बाई गेली त्यात. असल्या गोष्टीत तो खोटं बोलायचा नाही गं. मी वाढवलंय त्याला."

भावाने मला भर खोलीत खोटी पाडली तेव्हा मी रडले नव्हते, संताप संताप झाला होता नुसता. आता रडू फुटलं. या माणसाने माझं म्हणणं एकदाही धरलं नव्हतं, गॅसचं नाही की कशाचं नाही, उठून बघून आल्याशिवाय. आणि त्याचं म्हणणं धरलं. स्वतःच्या डोक्यावर एका बाईचं मरण घ्यायला तयार झाले, पण त्याचा शब्द खाली पडू दिला नाही.

हे उठले, पसाऱ्यातून वाट काढत स्वयंपाकघरात गेले आणि तिथून हाक मारली. वरच्या फळीवरचे डबे बघायचे राहिले होते.

"नाहीये तिथे," मी डोळे पुसत म्हटलं.

"न बघताच कसं सांगतेस?" हे म्हणाले, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.